बाय टू

आज आईचा वाढदिवस. 79 पूर्ण. घरी काही करत बसू नकोस, बाहेर जाऊ, असं ती स्वतःहून म्हणाली, जे ती वर्षातून एकदासुद्धा म्हणत नाही, म्हणून मी दोन दिवस आधीच फोन करून टेबल सांगून ठेवलं होतं. हॉटेलचं नाव लिहीत नाही. पुण्यातलंच आहे, अनलिमिटेड थाळीवालं, एवढं पुरे.

आम्ही तिघी. आई, मी आणि लेक. लेक कॉलेजच्या कँटीनमध्ये खाऊन आली होती, तीन वाजता तिचं प्रॅक्टिकल, ती फक्त आजीजवळ बसायला म्हणून आली होती. हे मी बसतानाच सांगितलं, वेटर हो मॅडम म्हणाला. दोन थाळ्या आल्या. आता आई खाते किती? दोन पुऱ्या, वाटीभर आमटी, चमचाभर भात. कवळी बसवल्यापासून तेवढंही नाही. तिने पुरणपोळीचे दोन तुकडे केले आणि एक नातीच्या हातावर ठेवला. ताटात नाही, हातावर.

मॅनेजर आला. म्हणाला, "मॅडम, शेअरिंग अलाऊड नाहीये."

मी काही बोलायच्या आत आई त्याच्याकडे बघून हसून म्हणाली, "अहो, बाय टू करतोय आम्ही."

त्याला काय कळणार. तो म्हणाला, "आजी, बाय टू वगैरे इथे नाही चालत. थर्ड थाळी लावावी लागेल." आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीच्या शेजारी 'अन्न हे पूर्णब्रह्म'ची फ्रेम, तिला झेंडूचा हार.

मी म्हणलं लावा थर्ड थाळी, 480 रुपये ना, लावा. आई म्हणाली अजिबात नाही, पैसे काय झाडाला लागलेत. आणि तिने काय केलं, नातीच्या हातातला तो तुकडा परत घेतला आणि स्वतःच्या ताटात ठेवला. लेक माझ्याकडे बघत राहिली. आईने पुढे तो खाल्ला नाही, तिला जाणारच नव्हता. मी म्हणलं निदान बांधून द्या. तर अनलिमिटेडचं पार्सल मिळत नाही. म्हणजे अर्धी पुरणपोळी, एक पुरी आणि जवळजवळ सगळी बासुंदी बादलीत गेली. माझ्या डोळ्यांसमोर गेली. नातीच्या पोटात गेली असती तर हॉटेल बुडणार होतं, बादलीत गेली तर चालतं. हे कुठलं गणित आहे मला कोणीतरी समजावून सांगा.

मला माहितीये तुमच्यातले दोघंतिघं आता लिहिणार की चारचार जण एक अनलिमिटेड घेऊन बसतात, मालकाने काय करायचं. मान्य. बसतात. गॅस महाग, भाडी महाग, तेही मान्य. पण 79 वर्षांची बाई आणि चार जणांचं टोळकं यातला फरक कळायला मॅनेजर ठेवलेला असतो ना? नाहीतर पाटी पुरेशी होती, माणसाला पगार कशाला देता?

पण मला राग पाटीचा नाही आलाय. 'बाय टू' या शब्दाला ते जे 'वगैरे' जोडलं त्याने, त्याचा आलाय. कारण तो शब्द आमच्या घरात कुठून आला ते मला सांगायचंय आणि ते सांगितल्याशिवाय आज झोप लागणार नाही.

1997. मला बंगलोरला एका कंपनीत इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. तेव्हा बंगलोरच म्हणायचो. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, त्यांनी दोन दिवस रजा टाकली आणि आम्ही उद्यान एक्स्प्रेसने निघालो, पुण्याहून दुपारी बसायचं, सोलापूर, वाडी, गुंटकल करत दुसऱ्या दिवशी सकाळी बंगलोर. डबा आईने दिलेला, तो रात्रीच संपला. लॉजवाल्याने सांगितल्यापेक्षा जास्त पैसे घेतले, रिक्षावाल्याने वेगळेच, त्यामुळे इंटरव्ह्यू संपवून बाहेर आलो तेव्हा बाबा सारखे खिशाला हात लावत होते. मला दिसत होतं. आम्ही गांधी बझारला होतो, दोन्ही बाजूंना फुलवाल्यांच्या टोपल्या, मोगऱ्याचा नुसता घमघमाट, आणि मला इतकी भूक लागली होती की त्या वासाने मळमळायला लागलं.

एका लहानशा हॉटेलात शिरलो. बाबांनी एक मसाला डोसा सांगितला. म्हणाले मला भूक नाही, सकाळचं जड झालंय. सकाळी आम्ही स्टेशनवर चहा प्यायलो होतो फक्त.

वेटर म्हणजे पन्नाशीचा माणूस, पांढरा पंचा, कपाळाला गंध. त्याने आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "बाय टू?" बाबांना कळलंच नाही. त्याने दोन बोटं दाखवली. बाबा घाईघाईने म्हणाले नो नो, ओन्ली वन. तो मान हलवून गेला.

आला तेव्हा हातात दोन प्लेटा. डोसा आतूनच बरोबर मधोमध कापून आणलेला, भाजी दोन्हींत सारखी, आणि चटणी! चटणी दोन्ही प्लेटांत पूर्ण, अर्धी नाही. मग न विचारता कॉफी आणली, एक कॉफी दोन पेल्यांत, खाली दोन दवरे, म्हणजे त्या पसरट वाट्या, वर फेस दोन्हींना सारखा. बाबा काहीतरी बोलायला गेले तर तो म्हणाला "बाय टू, बाय टू" आणि पुढच्या टेबलावर गेला. जसा तो मेन्यूतलाच एक पदार्थ असावा. उपकार केल्याचा चेहरा नाही, दयेचा तर नाहीच नाही. बिल एका डोशाचं आणि एका कॉफीचं.

बाबांनी तो अर्धा डोसा किती हळू खाल्ला. मला आजही ते दिसतं. कडेचा कुरकुरीत भाग आधी बाजूला काढून ठेवला आणि शेवटी खाल्ला, लहान मुलं ठेवतात तसा.

नोकरी मिळाली नाही. नकाराचं पत्रसुद्धा आलं नाही. पण बाबांनी घरी आल्यावर आईला इंटरव्ह्यूबद्दल एक वाक्य सांगितलं आणि त्या डोशाबद्दल अर्धा तास. आणि मग ते सुरूच झालं. संत्रं सोललं की बाय टू. पेपर आला की आतली पुरवणी आईला, बाय टू. डेक्कन क्वीनने दादरला मावशीकडे जायचो तेव्हा डायनिंग कारमध्ये जाऊन बसायची त्यांना भारी हौस, 1930 सालापासून धावणारी गाडी आणि टेबलखुर्चीवर बसून खायला मिळतं, ह्याचं त्यांना कोण कौतुक, तर तिथे कटलेटची एक प्लेट सांगायची आणि बेअररला मोठ्या ऐटीत म्हणायचं, "एक रिकामी प्लेट द्या, बाय टू." मला तेव्हा लाज वाटायची. कॉलेज संपलेली मुलगी मी, समोर अनोळखी माणसं बसलेली. बेअरर मात्र निमूट प्लेट आणून द्यायचा.

पुढे मी हिंडले तेव्हा कळलं की हे बाबांच्या त्या वेटरचं एकट्याचं नव्हतं, त्या अख्ख्या शहराचंच आहे. बंगलोरला कुठल्याही दर्शिनीत, म्हणजे तिथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, बाय टू कॉफी मागा, देतात, कोणी मान वर करून बघत नाही. हैदराबादला इराण्याकडे वन बाय टू चहा चालतो. अहमदाबादला चहावाल्याला नुसतं 'अडधी' म्हणलं की झालं, आम्ही लाल दरवाजाच्या लकीमध्ये गेलो होतो, तेच ते, टेबलांच्या मधेमधे कबरी आहेत ते, तिथे मस्का बन आणि चहा घेऊन तासभर बसलो, कोणी उठवलं नाही. मुंबईने तर 'कटिंग' हा शब्दच देऊन टाकला. अर्धं मागायला या प्रत्येक शहरात एक स्वतःचा शब्द आहे. मागणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून शब्द आहे तो.

आणि आमच्याकडे पाटी आहे.

नाही, हे लिहिलं आणि मलाच बरं वाटलं नाही. पुणं असं नव्हतं. मी फर्ग्युसनची. वैशाली हॉटेलात आम्ही चौघी एका एसपीडीपीत, म्हणजे शेव पोटॅटो दही पुरीत, चार चमचे घालून बसायचो, वर पाणी तीनदा मागायचो. गुडलकला एक बन मस्का, 1935 पासूनचं हॉटेल ते, त्यांनी आमच्यासारख्या किती पिढ्या सोसल्या असतील, तिघींत एक बन, प्रत्येकीला दीड घास, चहात बुडवून. महिनाअखेर असायची आणि ते सगळ्यांना दिसायचं. मिसळीला तर सँपल मागितलं की वाढपी तांब्या घेऊन हजर, पावाचे पैसे घेईल पण रश्श्याला नाही म्हणणार नाही. कोल्हापूरला गेलात तर पांढरा रस्सा नको नको म्हणेपर्यंत वाढतात, वर वाढणारा विचारतो, का हो, आवडला नाही का. म्हणजे आपल्याला येतं हे. आपल्या मातीत आहे. मग ते गेलं कुठे? कुठल्या दिवशी ठरलं की टेबलावर जितकी डोकी तितकी बिलं?

2012 मध्ये आम्ही सगळे बंगलोरला गेलो होतो, बाबापण. एमटीआरला, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम या हॉटेलात, रांगेत उभं राहून रवा इडली खाल्ली. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून त्यांनी रव्याची करून बघितली आणि ती आज देशभर खातात, हे मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, बघ, नव्हतं म्हणून सुचलं. तूप, काजू, कोथिंबीर, सोबत बटाट्याचा सागू, म्हणजे तिकडची रस्साभाजी, मी आयुष्यात खाल्लेली सर्वात चांगली इडली आहे ती, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. पण बाबांचं लक्ष नव्हतं. त्यांना गांधी बझारला जायचं होतं. आम्ही दोन तास शोधलं. ते हॉटेल सापडलं नाही. नाव तेव्हा कोणी बघितलं होतं? शेवटी विद्यार्थी भवनात गेलो, 1943 पासूनचं, हातावर डोशांच्या प्लेटांची उतरंड रचून येणारे ते वेटर, डोसा जाड, लालसर, तुपाने माखलेला. बाबांनी तिथे प्रत्येकाला एकएक पूर्ण डोसा घेऊ दिला. स्वतः मात्र आईसोबत बाय टू. पैशांचा प्रश्न कधीच मिटला होता तेव्हा.

2016 ला गेले ते. शेवटचे दिवस हॉस्पिटलमध्ये, सकाळी एक इडली यायची, त्यांना पाव इडलीसुद्धा जायची नाही. आई शेजारी उपाशी बसलेली असायची. शेवटून दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी, बोलणं जवळजवळ बंद झालेलं, त्यांनी प्लेट अशी हाताने आईकडे सरकवली आणि दोन बोटं दाखवली.

बस्स. आज आई त्या मॅनेजरला बाय टू म्हणाली ते हे होतं. त्याला हे माहीत असायचं काही कारण नाही, मी त्याला दोष देत नाही. देतेय. देतेय मी दोष, कारण गांधी बझारच्या त्या माणसालाही आमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्याने फक्त बघितलं.

आणि मी स्वतःवरही चिडलेय. मी तिथेच उठून उभी राहायला पाहिजे होतं. लेक म्हणत होती, आई चल, आपण जाऊ. मी म्हणलं असू दे, आजीचा वाढदिवस आहे, तमाशा नको. तमाशा झालाच होता की. आईने हातातला घास परत घेतला याहून मोठा तमाशा कुठला?

येताना रिक्षात आई गप्प होती. मी दोनदा सॉरी म्हणलं तर म्हणाली, अगं बासुंदी चांगली होती, आटवलेली होती, पावडरची नव्हती. तिचं हे असं आहे. संध्याकाळी लेक प्रॅक्टिकल आटोपून आली ती येतानाच कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमधून एक चहा आणि दोन रिकामे ग्लास घेऊन. त्यांनी कागदी नाही, काचेचे दिले, म्हणाले उद्या आणून द्या. दोघी गॅलरीत बसून प्यायल्या. मी आतून बघत होते.

तर आता मला रविवारी तिला परत जेवायला न्यायचंय. पुण्यात कुठे अर्धी थाळी मिळते, किंवा दोघींत एक ताट घेतलं तर चालतं, आणि बसायला खुर्ची बरी आहे, जिना नाही, असं ठिकाण माहीत असेल तर खाली लिहा. आई म्हणतेय कुठे नको, घरीच पिठलं टाक, भाकरी एकच कर, बाय टू करू. पण मला न्यायचंच आहे. लेकीची परीक्षा सुरू होते सोमवारी, त्यामुळे पेठांमध्ये किंवा कोथरूडच्या बाजूला असेल तर बरं.