नऊ शिट्ट्यांची डाळ

तूरडाळ म्हटलं की लातूरचं नाव निघतं. इथल्या डाळमिलांतून पोत्यांनी भरलेले ट्रक कुठं कुठं जातात. त्याच लातुरात, आमच्या घरात, ती डाळ शिजत नाही.

तीन शिट्ट्यांत वरण व्हावं असा जगाचा रिवाज आहे. आमच्याकडं सहाव्या शिट्टीनंतर कुकर उघडला तरी डाळ दाणा न् दाणा शाबूत ठेवून आमच्याकडं बघत असते. बायकोला आधी दुकानदाराचा संशय आला. मग कुकरची रिंग बदलली, मग शिट्टी बदलली. शेवटी गावाकडून आलेल्या आईनं ओट्यावरचं भांडं उचललं, एक घोट घेतला आणि निकाल दिला. "डाळीला कशाला बोल लावतीस माय? पाणी जड हाय. आपल्या आडाच्या पाण्यात लोण्यागत शिजायची." तेव्हापासून नऊ शिट्ट्या आणि चिमूटभर खायचा सोडा. पाण्यातलं कॅल्शियम डाळीचा दाणा बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला धरून बसतं आणि तिला आणखी घट्ट करतं, असं मी पुढं वाचलं. आईला एका घोटात कळलं होतं.

आमच्या कॉलनीत नळाला दोन प्रकारचं पाणी येतं. एक मांजरा धरणाचं; ते पाहुण्यासारखं, आठ-दहा दिवसांनी तोंड दाखवून जातं. दुसरं बोअरचं, ते घरजावई. बसलंय ते बसलंय. या काळ्या दगडाच्या मुलखात पाणी जितकं खोल, तितका वेळ ते खडकाशी गप्पा मारत बसतं आणि वर येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम पदरात बांधून आणतं. काळ्या दगडातून पांढरा थर निघतो, हा चमत्कार आमच्या बादलीच्या कडेला रोज घडतो.

तक्रार करावी तर तीही सोय नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव. इथं आलेल्या पाण्याला नावं ठेवली की शेजारी लगेच म्हणतात, "येतंय हे बघा की."

साबणाचं तर बोलूच नका. अंगाला साबण लावला की फेस येत नाही, एक राखाडी साय येते. साबण आणि क्षार एकमेकांना मिठी मारतात, आपण मधे नुसते उभे. आंघोळीनंतर केस असे होतात की कंगवा आत गेला तर त्याचा जामीन घ्यावा लागतो. माझा काळा शर्ट चार धुण्यांत पोक्त झाला. शॉवरला छिद्रं अठ्ठेचाळीस, त्यांतली चालू पाच. त्यांतलं एक थेट भिंतीवर मारतं.

मग एक दिवस गिझर थंड पडला. इलेक्ट्रिशियननं कॉईल बाहेर ओढली आणि दोन्ही हातांनी उजेडात धरली. "सर, हे कॉईल हाय का तुळजापूरची कवड्याची माळ?" खरंच तशी दिसत होती, पांढरी, गाठीगाठींची, लोखंड औषधालासुद्धा दिसत नव्हतं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि जवळ सापडेल त्या गरम वस्तूवर बसतो. त्यानं पकडीनं हलकेच टोला दिला. टप्पकन एक खपली फरशीवर पडली. आई पटकन म्हणाली, "पानाला चालंल का रे?" कॉईल नवी घ्यावी लागली. खपल्या आईनं कुंडीत टाकल्या.

ही बातमी कशी कोण जाणे फिल्टरवाल्याच्या पोऱ्याला लागली. त्यानं दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याचं. दोन्हींत सळ्यांचं यंत्र बुडवून करंट दिला. मिनिटभरात आमचा ग्लास मळीसारखा तपकिरी, त्याचा स्वच्छ. बायकोनं पदर तोंडाला लावला. खरी गोष्ट अशी, की तो तपकिरी रंग त्याच्याच लोखंडी सळीचा असतो. क्षाराच्या पाण्यातून करंट वाहतो म्हणून सळी झिजते, गाळीव पाण्यातून फारसा वाहत नाही म्हणून ती शाबूत राहते. हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडेपर्यंत बायकोनं पहिला हप्ता दिला होता. आता ते यंत्र एक हंडा पाणी देतं आणि दोन-तीन हंडे आणखी जड करून नळीतून बाहेर टाकतं. ते वाया कसं घालवायचं, म्हणून फरशी त्यानंच पुसतो. फरशीवर रोज नवी रांगोळी.

दिवाळीला पुण्याला बहिणीकडं गेलो. तिथल्या धरणाच्या पाण्यात साबण लावला आणि अंगावरून निघेचना. चोळतोय, ओततोय, बोटं सुळसुळतायत. तिसरी बादली भरायला लावली तेव्हा दारावर थाप पडली, "दादा, झोपलास का रे?"

त्या दिवशी स्वयंपाक बायकोच्या हाती होता. सवयीनं तिनं सोडा टाकला आणि नऊ शिट्ट्या मोजल्या. झाकण काढलं तर आत डाळ नव्हतीच, नुसता पिवळा रंग होता. मेहुण्यांनी पळीनं बराच वेळ तळ शोधला. आईनं वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाली, "गावाकडच्यागत लागतंय."