‘तीन महिन्यांत काउन्सेलर’ होता येत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या, मग माहेरच्या, असा एकच मेसेज आठवडाभरात मला तीनदा आला. “३ महिन्यांत घरबसल्या सर्टिफाइड काउन्सेलर व्हा. लोक तुमच्यापाशी मन मोकळं करतात? मग ही कला तुमच्यात उपजतच आहे! पदवीची अट नाही. कायद्याची आडकाठी नाही.” मी समुपदेशन करते, शिकणाऱ्या मुलामुलींचं कामही तपासते. गप्प बसवेना.

आधी ती ‘उपजत कला’. ज्यांच्यापाशी लोक बोलतात ती माणसं मायाळू असतात, हे अगदी खरं. पण मायेला मदतीची घाई असते. सरावाच्या एका रोल-प्लेमध्ये क्लायंट झालेली मुलगी म्हणाली, “घरी गेल्यावर कुकर लावायचंसुद्धा अंगावर येतं.” समोरची चटकन म्हणाली, “मग थोडे दिवस डबा लावून बघा ना.” सल्ला वाईट नव्हता, पण पुढची दहा मिनिटं डब्यातच गेली. आम्ही रेकॉर्डिंग मागे नेलं आणि त्याच वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी तिने एवढंच विचारलं, “अंगावर येतं म्हणजे काय होतं?” थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग उत्तर आलं, “दोघांपुरताच लावायचा असतो आता.” क्लायंट झालेल्या मुलीला दिलेल्या चिठ्ठीवरच्या केसमध्ये त्या बाईचा मुलगा गेलेला होता.

तोंडावर आलेला सल्ला गिळायला शिकणं हेच या शिक्षणातलं सगळ्यात अवघड काम. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली एका क्लायंटबरोबरच्या सगळ्या भेटी शब्दशः छापल्या, तेव्हा थेरपिस्ट नेमकं काय बोलतो हे इतरांना ओळीओळीने तपासता आलं. आजही आम्ही तसंच शिकवतो. ते काम व्हिडिओ बघून होत नाही.

‘पदवी कशाला?’ समोरच्याला काय झालंय हे ओळखता यावं म्हणून. सतत थकवा, वजन वाढलेलं, कशातच मन नाही, हे नैराश्य असेल किंवा थायरॉइड. आधी रक्त तपासून घ्या, हे सुचायला शिकलेलं असावं लागतं. तीन तास झोपूनही उत्साहाने फसफसणारा, पैसे उधळणारा माणूस समोर आला, तर त्याला ‘असेच पॉझिटिव्ह राहा’ म्हणणं घातक आहे. हा उन्माद (मेनिया) असू शकतो, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला हवं. ‘आत्महत्येचा विषय काढला तर डोक्यात येईल’ असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारायचं असतं, आणि ‘हो’ आलं तर पुढे काय करायचं हे आधीच पक्कं माहीत असावं लागतं. लहान मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर पॉक्सो या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधीच देऊन बसलेला काउन्सेलर तिथे काय करणार?

कायद्याबद्दलचं वाक्य अर्धवट आहे. ‘काउन्सेलर’ अशी पाटी आजवर कुणीही लावत आलंय, हे दुर्दैवाने खरं. पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागतेच. २०२१च्या राष्ट्रीय अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या अनुसूचीत सायकॉलॉजिस्ट आणि आरोग्य समुपदेशक येतात. त्या कायद्यात हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३,६०० तासांची पदवी सांगितली आहे. आणि ‘घरबसल्या’चं म्हणाल, तर २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मानसशास्त्राचे दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमच थांबवायला सांगितले.

छोटे कोर्स वाईट असतात असं मी म्हणत नाही. शिक्षकांना, वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना ऐकण्याचं प्रशिक्षण जरूर द्यावं. फक्त त्यावर फी घेऊन थेरपी करू नये.

माहेरच्या ग्रुपवर तो मेसेज माझ्या वहिनीने टाकला होता. तिला खरंच शिकायचंय, आणि ती ऐकतेही छान. तिला म्हटलं, पैसे भरण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचार: प्रत्यक्ष क्लायंटबरोबर किती तास बसायचं, आणि ते काम तपासणार कोण?