ही डबी खायची की औषधाची, ते तरी ठरवा!

आईच्या गुडघ्यांसाठी पंचवटीतल्या एका दुकानातून चूर्ण आणलं. शेजारच्या काकूंना गुण आला, म्हणून. आईलाही आला. तिसऱ्या दिवशी जिना चढली बाई! (तेव्हाच शंका यायला हवी होती. झाडपाला तीन दिवसांत गुडघे चालवत नसतो.) महिन्याभरात चेहरा सुजून भोपळा आणि कधी नव्हे ती शुगर तीनशेच्या वर. डॉक्टर आधी आमच्यावरच डाफरले. म्हणे, यात स्टेरॉइड असणार, आता एकदम बंदही करता येणार नाही, गोळ्या मोजून देऊन हळूहळू उतरवायचं.

डबीवर काय? हिरवं पान, '१०० टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही', संधिवात-मधुमेह-मूळव्याध सगळ्यावर रामबाण. घटक, 'दुर्मिळ वनौषधी'. बास! आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात चौदा आकडी फूड लायसन्स नंबर.

तक्रार द्यायला गेलो. पहिले साहेब म्हणाले, "फूडचा नंबर आहे, हे औषधात येत नाही." दुसऱ्या टेबलावर, "मधुमेह बरा करतो लिहिलंय ना? मग हे फूड कसलं? तिकडे जा." दोन हाफ डे गेले माझे. अहो, फूड म्हणून विकायचं तर आजार बरा होतो असं लिहिताच येत नाही, आणि मधुमेह बरा करायची जाहिरात १९५४च्या कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद! मला मोबाईलवर पाच मिनिटांत सापडलं ते.

दुकानदार निवांत. "आयुर्वेदिक विकायला लायसन लागत नाही, भाऊ." संताप याचा की तो खरं बोलत होता! लायसन्स बनवणाऱ्याला लागतं, विकणाऱ्याला नाही. मेडिकलवाल्यानं फार्मासिस्ट ठेवायचा, आणि हा अगरबत्तीच्या पुड्याशेजारी रोगावरचं चूर्ण मांडणार.

आयुर्वेदिक औषधाची जाहिरात आधी सरकारकडून मंजूर करून घ्या, असा औषध नियमावलीत नियम १७० आणला २०१८मध्ये. जुलै २०२४मध्ये आयुष मंत्रालयानंच तो काढला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं त्या काढण्याला स्थगिती दिली, २०२५मध्ये तीही उठली. घ्या!

आणि 'आयुर्वेदाचा द्वेष करतोस का' असं कोणी विचारू नका. सुंठ, त्रिफळा, आजीचा काढा, सगळ्यावर वाढलोय मी. त्याच नावाखाली स्टेरॉइड खपवतात, म्हणून तर डोकं फिरतंय.

अर्धी डबी अजून कपाटात आहे. तपासायला घ्या म्हटलं, तर "फोडलेला नमुना चालत नाही." काल त्याच दुकानावरून गेलो. बाहेर नवा बोर्ड, 'एकावर एक फ्री'. आत खोकी छतापर्यंत रचलेली. २०२७चा कुंभ येतोय ना!