‘ब्लँकेट लावूनही इंजिन बे तापतोच’ या अभिप्रायाला वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार साहेब,

दोन स्टार देताना तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. टर्बोला (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनमध्ये जास्त हवा ढकलणाऱ्या पंपाला) ब्लँकेट म्हणजे उष्णतारोधक आवरण आणि डाउनपाइपला, म्हणजे टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपला, रॅप म्हणजे उष्णतारोधक पट्टी लावूनही ट्रॅफिकमध्ये इनटेक टेम्परेचर (इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचं तापमान) ६० अंशांवर जातं. पहिल्या दिवशी बॉनेटखालून धूर आला. बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर टाकून फट ठेवायला आम्ही नाही म्हणालो. आणि ‘हवा अडवतो’ असं सांगूनही अंडरट्रे (इंजिनखालचं झाकण) परत बसवला.

आधी ६० अंशांचं. पूर्ण लोडवर पेट्रोल टर्बोच्या टर्बाइनमध्ये शिरणारा एक्झॉस्ट ९०० अंशांच्या आसपास असतो. त्याची झळ शेजारच्या वायरिंगला, होजला आणि ब्रेक फ्लुइडच्या डब्याला लागू नये, एवढंच ब्लँकेट आणि रॅपचं काम. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा टर्बोवर लोड जवळजवळ नसतोच. तेव्हा बे, म्हणजे बॉनेटखालची इंजिनची जागा, तापतो तो एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरमधून फॅनने मागे ओढलेल्या गरम हवेमुळे. ही हवा बाजूच्या फटींतून वळून परत पुढे येते आणि इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) तीच पुन्हा घेतो. त्यावर ब्लँकेटचे दोन थर चढवले तरी फरक पडणार नाही. रेडिएटरच्या चारही बाजूंच्या फटी फोमपट्टीने बंद करणं, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये साचलेला कचरा काढणं आणि फॅनचं श्राउड (भोवतीचं आवरण) धड असणं, हा त्यावरचा इलाज.

तुमच्या गाडीत आणखी एक गोष्ट आहे, जी अभिप्रायात आलेली नाही. कंपनीचा एअर बॉक्स काढून तिथे उघडा कोन फिल्टर बसवलेला आहे. तो थेट बेमधली हवा ओढतो. हे जॉब कार्डवर लिहून दिलं होतं. मूळ बॉक्सचा स्नॉर्कल (हवा ओढणारी नळी) ग्रिलच्या मागून, म्हणजे रेडिएटरच्या पुढची हवा घेतो; कोनचा आवाज छान येतो, पण आवाजाने हवा थंड होत नाही. शिवाय आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, हवेचा प्रवाह इतका कमी असतो की तापमानाचा सेन्सर स्वतःच आजूबाजूच्या उष्णतेने तापून बसतो. म्हणून उभ्या गाडीतला आकडा सोडून द्या. रस्ता मोकळा झाल्यावर दोन-तीन मिनिटांत तो बाहेरच्या तापमानाच्या वर १०-१५ अंशांपर्यंत उतरला, तर इंटरकूलर ठीक आहे. तो खाली येतच नसेल तर मात्र गाडी दाखवा.

धुराचं सोपं आहे. नव्या रॅपमधलं बाइंडर (धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ) पहिल्या काही वेळा तापताना जळतं. पांढरट धूर येतो, वास येतो, मग थांबतो. गाडी देताना हे सांगितलं जातं. त्यानंतरही धूर आला किंवा जळक्या तेलाचा वास आला, तर गाडी लगेच थांबवा, कारण तेल प्यायलेला रॅप पेट घेऊ शकतो. याच हिशेबाने रॅप फक्त स्टेनलेसच्या डाउनपाइपवर गुंडाळला आहे: ५० मिमीची पट्टी, प्रत्येक वेढा आधीच्यावर १२ मिमी चढवून, टोकांना स्टीलचे टाय, ऑक्सिजन सेन्सरभोवतीची जागा मोकळी. बीडाच्या मॅनिफोल्डला रॅप लावत नाही, उष्णता आत कोंडून त्याला तडा जाऊ शकतो. ब्लँकेटही टर्बाइनच्या बाजूलाच आहे. मधल्या भागात बेअरिंगचं तेल फिरतं. तो झाकला तर इंजिन बंद केल्यावर तिथलं तेल जळून कोळसा धरतं.

याच कामात टर्बोजवळची जुनी व्हॅक्यूम नळीही बदलली; काढलेली नळी पिशवीत घालून तुम्हाला परत दिली आहे. ती चिमटीत दाबून बघा, टर्बोकडच्या टोकाला केसासारख्या भेगा उघडतात. अशी नळी हवा गळू देते आणि बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) बिघडतो. नवीन नळीपुढे ॲल्युमिनियमचं शील्ड मध्ये १० मिमी हवा ठेवून लावलं आहे. ते पाइपला चिकटवलं असतं तर शील्डच तापून बसलं असतं.

आता वॉशर. गाडी उभी असताना मागच्या फटीतून गरम हवा निघते, हे खरं. पण वेगात काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, त्यामुळे हवा बाहेर जायच्या ऐवजी आत घुसते आणि रेडिएटरमागची गरम हवा निघायला अडथळा होतो. केबिनचं फ्रेश एअरही तिथूनच येतं. रबर सील उघडलं की बेमधला वास आणि धूर थेट तुमच्या नाकात. व्हेंट (हवा जायची भोकं) करायचेच असतील तर बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे, जिथे दाब कमी असतो. बॉनेटवर लोकरीचे बोटभर धागे टेपने चिकटवून शेजारच्या गाडीतून व्हिडिओ काढा, हवा कुठे कशी वाहते ते दिसेल. व्हेंटखाली पाणी वळवणारा ट्रे हवा, नाहीतर पाऊस सरळ इग्निशन कॉइलवर.

अंडरट्रेचंही गणित दाबाचंच. रेडिएटरमागे दाब कमी असला तरच पुढून हवा खेचली जाते. ट्रे काढला की गाडीखालची घुसळलेली हवा वर येते आणि बहुतेक गाड्यांत वेगात रेडिएटरमधला प्रवाह घटतो. तो परत काढून देणार नाही.

जुना एअर बॉक्स आणि स्नॉर्कल घरी असेल तर घेऊन या. तो बसवू, फटींना फोम लावू आणि एसी चालू ठेवून दोन्ही फॅन दोन्ही स्पीडवर फिरतात का ते तुमच्यासमोर तपासू. गाडी थोडा वेळ आमच्याकडे ठेवा, म्हणजे इंजिन थंड झाल्यावर कूलंटची कॅपही उघडून बघता येईल.

– वर्कशॉप मालक