बाळाची सीट पुढे की मागे : घाटरस्त्यांविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गणपतीसाठी चाकरमानी गावाकडे निघण्याचे दिवस जवळ आले की आमच्या चिपळूण भागातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : घाटातून येताना तान्ह्या बाळाची सीट चालकाशेजारी लावावी, म्हणजे बाळ नजरेसमोर राहते आणि त्याला गाडी लागत नाही, पुढे एअरबॅग असल्यामुळे ती जागा अधिक सुरक्षितही असते, मागे लावायचीच झाली तर कशीही करून मधोमध लावावी, सीट नसेलच तर आजीने मांडीवर घट्ट धरले तरी पुरते, कारण घाटात वेग कमीच असतो, आणि दुकानदाराने एकदा सीट बसवून दिली की तिला पुन्हा हात लावू नये.

यातले सर्वांत घातक विधान एअरबॅगविषयीचे आहे. एअरबॅगची रचना पट्टा लावून नीट बसलेल्या प्रौढ माणसासाठी केलेली असते आणि ती डोळ्याची पापणी लवण्याआधी प्रचंड जोराने उघडते. तान्ह्या बाळाची सीट गाडीच्या मागील बाजूस तोंड करून लावायची असते, त्यामुळे चालकाशेजारी ठेवल्यास तिची पाठ थेट डॅशबोर्डजवळ येते आणि उघडणारी एअरबॅग बाळाच्या डोक्यामागच्या त्या कवचावरच आदळते. म्हणजे संदेशात जिला संरक्षण म्हटले आहे तीच वस्तू येथे जिवावर उठते. आपल्याकडे नव्या मॉडेलच्या गाड्यांना चालकाशेजारची एअरबॅग १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली, त्यामुळे अलीकडच्या गाड्यांत ती असणारच असे धरून चालावे. ज्याला शंका असेल त्याने त्या बाजूचा सनव्हायजर खाली ओढून पाहावा. त्यावर बाळाच्या सीटवर फुली मारलेले चित्र बहुधा आढळेल. काही गाड्यांत ही एअरबॅग बंद करण्याची सोय असते, पण ती नसेल तर मागे तोंड असलेली सीट तेथे लावण्याचा विचारच करू नये.

बाळ नजरेसमोर हवे, ही माया समजण्यासारखी आहे. परंतु चालकाची नजर बाळाकडे असेल तर रस्त्याकडे कोणाची असणार? ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत सुमारे २२ मीटर पुढे जाते आणि कुंभार्ली घाटातील वळणावर तेवढे अंतर फार झाले. बाळाकडे पाहायला मागच्या सीटवर, त्याच्या शेजारी, घरातले एखादे माणूस बसवावे. गाडी लागण्याचे म्हणाल तर दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास क्वचितच होतो.

मधोमध सीट लावण्याच्या सल्ल्यात मात्र तथ्य आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मधली जागा दोन्ही दारांपासून लांब असते, त्यामुळे बाजूने धडक बसली तर ती अधिक सुरक्षित ठरते. सीटमध्ये बसवलेल्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांविषयीच्या २००८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, मागे कडेला बसलेल्या मुलांच्या तुलनेत मधल्या मुलांना दुखापतीचा धोका ४३ टक्क्यांनी कमी आढळला होता. घोळ होतो तो ‘कशीही करून’ या शब्दांमुळे. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत मधली जागा अरुंद आणि मध्ये उंचावलेली असते, आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट पट्ट्याविना थेट गाडीला जोडण्याचे, हूक फक्त दोन कडांना असतात, आणि जुन्या गाड्यांत मध्ये नुसता कमरेचा पट्टा असतो.

गेल्या वर्षी आमच्या अंगणात भाचीच्या गाडीत आम्ही हाच प्रयोग केला. मधोमध ठेवलेल्या सीटवर मी गुडघा दाबून पट्टा ओढला, तरी जेथून पट्टा जातो तेथे धरून हलवल्यावर ती चांगली चार बोटे सरकली. तेथे अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक हालचाल होता कामा नये. मग ती डावीकडे आयसोफिक्सला लावली. दोन्ही खटके वाजले, हिरव्या खुणा दिसल्या आणि आम्ही निश्चिंत झालो, तोच सीटचा आधाराचा पाय जेथे टेकला होता त्या चटईवर भाचीचा तळवा पडला आणि खालचे झाकण दबले. तेथे सामान ठेवायचा पोकळ कप्पा होता. गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर आधाराचा पाय अशा कप्प्यावर टेकवू नये. उजवीकडे कप्पा नव्हता, त्यामुळे सीट अखेर चालकाच्या मागे गेली. एरवी मी डावी बाजूच सुचवली असती, कारण रस्त्याकडेला थांबून बाळाला उतरवताना त्या बाजूला रहदारी नसते. पण पक्की बसणारी कडेची जागा ही डुगडुगणाऱ्या मधल्या जागेपेक्षा केव्हाही बरी.

आजीच्या मांडीचा हिशेब कागदावर करून पाहावा. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी धडकेत एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी शंभर किलोंहून अधिक वजन पेलण्याइतका जोर लागतो. तो आजीच्याच काय, तालमीत जाणाऱ्या नातवाच्याही हातांत नसतो. शिवाय मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंद झालेल्या पट्ट्यांवर कोण ताशी ४० ने चालवतो, हे आपण सारेच जाणतो. १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना किंवा योग्य सीटविना नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार एक हजार रुपये दंड आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

राहिला सीटला हात न लावण्याचा सल्ला. दुकानदार सीट बसवून देतो, पण त्या दिवशीचे बाळ चार महिन्यांनी तेवढेच राहत नाही. मागे तोंड असलेल्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून यायला हवेत, आणि बाळ वाढले की ते वरच्या खाचेत घ्यावे लागतात. श्रावणात जाड स्वेटर किंवा रेनकोट घालून बाळाला बांधले तर पट्टा घट्ट भासतो, प्रत्यक्षात तो सैल असतो. म्हणून ते काढून बांधावे आणि हवे तर वरून पांघरूण घालावे. बांधून झाल्यावर खांद्याजवळचा पट्टा चिमटीत पकडून पाहावा. चिमटीत घडी आली तर तो अजून ओढायचा आहे.