सही करणाऱ्याची परीक्षा घ्या

जमीन मोजणीसाठी परवानाधारक खासगी भूमापक येणार, असं महसूल विभागाने 2025 मध्ये जाहीर केलं. मोजणीच्या तारखेची महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हायसं वाटलं असेल. मीही या निर्णयाच्या बाजूचा आहे. पण परवाना कुणाला द्यायचा आणि तो चुकला तर काय करायचं, हे आधी ठरवा. आम्हा सिव्हिल इंजिनिअरांच्या बाबतीत ते आजवर नीट ठरलेलं नाही आणि त्यात माणसं मेली आहेत.

वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी. आर्किटेक्टसाठी 1972 चा केंद्रीय कायदा आहे. इंजिनिअरसाठी असा कायदाच नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं 'चार्टर्ड इंजिनिअर' हे बिरूद मानाचं खरं, पण तो परवाना नव्हे. उरतो तो महापालिकेचा परवाना. डिग्री, अनुभवाचा दाखला आणि फी. परीक्षा नाही. अनुभवाचे दाखले कसे मिळतात, ते आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी स्ट्रक्चरल डिझाइन, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन, करतो. इमारतीला 30 वर्षं झाली की कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. नोटीस आली की सोसायटीतून फोन येतो, "साहेब, रिपोर्ट वगैरे नको, फक्त सर्टिफिकेट द्या. किती होतील?" बघायला जावं तर पार्किंगमधल्या कॉलमचं कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, सुटलेलं, सळई गंजून पापुद्रे निघालेले, आणि जिन्यात मात्र ताजा डिस्टेंपर. काँक्रीटची ताकद बघायला हॅमर टेस्ट करू, दोन-चार ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचा नमुना, काढू, असं म्हटलं की पुढचा फोन येत नाही. नंतर कानावर येतं, सर्टिफिकेट मिळालं. सही देणारा तिकडे फिरकला तरी होता का, देव जाणे.

14 मार्च 2019 ला मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला आणि 7 जण गेले. त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं, त्यात तो वापरण्याजोगा ठरला होता. ऑडिटरला अटक झाली. पुढच्याच वर्षी, 24 ऑगस्ट 2020 ला, महाडला दहा वर्षंही न झालेली इमारत कोसळून 16 जीव गेले. बिल्डरसोबत आरसीसी कन्सल्टंटवरही, म्हणजे सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्यावरही, गुन्हा दाखल झाला. पोलीस आले ते ढिगारा उपसताना. त्याआधी या माणसाला हे काम येतं का, हे कुणी तपासलं होतं?

अमेरिकेत वायोमिंग राज्याने इंजिनिअर आणि भूमापकांच्या परवान्याचा कायदा 1907 मध्येच केला. आज तिथे डिग्रीनंतर एक परीक्षा, मग साधारण चार वर्षं अनुभवी इंजिनिअरच्या हाताखाली काम, मग दुसरी परीक्षा. कॅलिफोर्नियात सिव्हिलवाल्याला भूकंप आणि सर्व्हेइंगचे दोन जादा पेपर द्यावे लागतात. शिवाय कुणाचा परवाना चालू आहे आणि कुणावर कारवाई झाली, हे कुणीही ऑनलाइन पाहू शकतो. आपल्याकडे निदान ही यादी तरी उघडी करायला काय हरकत आहे?

आता मोजणीचं. रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र, चालवायला तरुण पोरगं आठवड्यात शिकेल. पण वाद यंत्रात नसतो, बांधात असतो. जुनं टिपण (मूळ मोजणीचा कागद), गुणाकार बुक (क्षेत्रफळाचा हिशेब), फाळणी नकाशा (जमिनीच्या वाटण्यांचा) वाचायचा, जागेवर हद्दीचा जुना दगड शोधायचा, वहिवाट आणि रेकॉर्ड यांचा मेळ घालायचा, हे जुन्या भूकरमापकांच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबल्याशिवाय येत नाही. नुसती वहिवाट मोजून नकाशा काढून दिला तर भाऊबंदकी कोर्टातच जाणार. तेव्हा परवान्याच्या परीक्षेत खरं टिपण समोर ठेवा आणि शेतात उभं करून हद्द काढायला लावा. बेळगाव-निपाणीकडच्या लोकांना कर्नाटकातले परवानाधारक सर्व्हेयर नवे नाहीत. त्यांचे बरे-वाईट अनुभव आधी विचारून घ्या.

खासगी मोजणीवर भूमी अभिलेख विभागाचा अधिकारी प्रमाणित करणारी सही करणार आहे. ती टेबलावर बसून होणार असेल तर माझा तिला विरोध आहे. निदान काही प्रकरणं तरी त्याने न कळवता बांधावर जाऊन तपासावीत, आणि मोजणी चुकली तर फेरमोजणीचा खर्च शेतकऱ्याच्या नव्हे, परवानाधारकाच्या खिशातून जावा.