संन्याशाला फाशी, अर्थात ‘ड्रायव्हर टाकून बघ’

कॉम्प्युटरला काहीही जोडलं आणि ते चाललं नाही, की घरात कुणीतरी म्हणतंच, “ड्रायव्हर टाकून बघ.” ड्रायव्हर म्हणजे जोडलेल्या वस्तूशी कसं बोलायचं ते कॉम्प्युटरला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम. प्रिंटर, वेबकॅम, माइक, काहीही असो, औषध एकच. कालपर्यंत मीही तेच सांगायचे. रविवारची अख्खी दुपार घालवल्यावर मात्र माझं मत पक्कं झालंय: ड्रायव्हर बिचारा संन्यासी आहे, चोर बहुतेक वेळा दुसराच असतो.

भाची तिचा इलेक्ट्रॉनिक्सचा बोर्ड घेऊन आली होती. तळहातावर मावेल एवढा, त्यावर प्रोग्रॅम चढवला की दिवा उघडझाप करतो. घरात पडलेली एक केबल शोधून तिने तो जोडला. बोर्डावरचा लाल दिवा लागला. प्रोग्रॅम काही चढेना. मी खुर्ची ओढली आणि अर्थातच ड्रायव्हर शोधायला लागले.

पुढचा तासभर काय केलं ते लिहायलाही लाज वाटते. बोर्डाचं नाव टाकून सर्च, पहिल्याच लिंकवर क्लिक, एक ‘ड्रायव्हर अपडेटर’ उतरला. त्याने कॉम्प्युटर तपासला आणि साउंड कार्डापासून माउसपर्यंत सगळ्यांचे ड्रायव्हर ‘धोकादायकरीत्या जुने’ असल्याचं लाल अक्षरांत सांगितलं. दुरुस्ती हवी तर पैसे भरा. म्हणजे जे चालत होतं ते सगळं आजारी, आणि जे चालत नव्हतं त्याचा यादीत पत्ताच नाही! असले प्रोग्रॅम घरच्या कॉम्प्युटरवर कधीही घेऊ नका. हे मी अगदी हात जोडून सांगते.

शेवटी भाचीच म्हणाली, “मावशी, पेनड्राइव्ह लावला की टुंग असा आवाज येतो ना? याला आलाच नाही.”

बरोबर होतं तिचं. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, पाच व्होल्टच्या, आणि दोन माहितीच्या. नुसत्या चार्जिंगसाठी निघालेल्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दिवा लागला म्हणून मी समजले की जोडणी झाली, पण तिकडे कॉम्प्युटरच्या लेखी काहीच लागलेलं नव्हतं. आलेल्याच नसलेल्या पाहुण्यासाठी मी तासभर ताट वाढत बसले होते.

दुसरी केबल लावली. टुंग! डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या वस्तूंच्या यादीत, पिवळ्या त्रिकोणासह एक ओळ उगवली. ती बघून एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

आता त्या पिवळ्या त्रिकोणाबद्दल. तो दिसला की लोक कॉम्प्युटर रीस्टार्ट करतात, नाहीतर थेट फॉरमॅट मारायच्या गोष्टी करतात. त्या ओळीवर डबल क्लिक करून आतला कोड कुणी वाचत नाही. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर खरोखरच नाही. तिथे ‘ड्रायव्हर टाक’ म्हणणाऱ्याचं बरोबर. कोड १० म्हणजे वस्तू सुरू होऊ शकली नाही, तिथे चुकीचा ड्रायव्हरही असू शकतो. कोड ४३ म्हणजे वस्तूनेच गडबड कळवली म्हणून विंडोजने तिला थांबवलं. आणि ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं दिसलं तर समजा, वस्तूला स्वतःचं नावसुद्धा सांगता आलं नाही. जिला नाव नाही तिचा ड्रायव्हर शोधणार कुठून? अशा वेळी केबल बदला, पुढच्या पोर्टातून काढून सीपीयूच्या मागच्या पोर्टात लावा, मध्ये हब, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारा डबा, असेल तर तो काढा. यूएसबी २.० च्या पोर्टातून वस्तूला जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर मिळतात, यूएसबी ३.० मधून ९००. बिनअडॅप्टरच्या हबवर तेवढ्यातच चार वस्तू टांगल्या तर कुणीतरी उपाशी राहणारच.

आमचा कोड होता २८. मग खरी गंमत. तिथल्याच ‘डिटेल्स’ टॅबमध्ये जाऊन यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडलं, की दोन आकडे दिसतात, व्हीआयडी आणि पीआयडी. पहिला चिप कुठल्या कंपनीची ते सांगतो, दुसरा कुठलं मॉडेल ते. आमच्याकडे होतं १ए८६ आणि ७५२३. बोर्डावर नाव वेगळंच, खोक्यावर तिसरंच, पण आतली यूएसबीची चिप निघाली नानजिंगच्या चिनहेंग कंपनीची सीएच३४०. आकडे कळल्यावर चिप बनवणाऱ्यांच्याच साइटवरून ड्रायव्हर उतरवला. पाच मिनिटांचं काम. खरं तर नेट चालू असेल तर विंडोज असे ड्रायव्हर बरेचदा आपणहून आणतं, पण आमच्याकडे अपडेट थांबवून ठेवलेले होते. तो गुन्हा माझाच.

माझा खरा राग आहे तो खोक्यावर. ‘सुलभ’, ‘लगेच वापरा’ असं सगळं लिहिलेलं, पण आत कुठली चिप आहे ते कुठेच नाही. एक ओळ छापायला काय जातं?

ओळख पुसली तर काय होतं तेही एकदा दिसलंय. २०१४ मध्ये, अशाच यूएसबी चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीचा एक ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून घरोघरी पोचला आणि तिच्या चिपची नक्कल करणाऱ्या चिप्सचा पीआयडी त्याने शून्य करून टाकला. चालती वस्तू एका रात्रीत अनोळखी. नक्कल वाईटच, पण शिक्षा झाली ती अस्सल समजून विकत घेणाऱ्याला. आरडाओरडा झाला तेव्हा कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला.

तर आमचा दिवा अखेर उघडझाप करू लागला. चहा घेऊन येते तर नवा प्रोग्रॅम पुन्हा चढेना! भाचीने हौसेने पिन काढून शेजारच्या पोर्टात लावली होती. वस्तूला स्वतःचा सीरियल नंबर नसला की पोर्ट बदलल्यावर विंडोज तिला नवीच समजतं. विंडोजने बोर्डाला दिलेला पोर्ट नंबर कॉम ३ चा कॉम ५ झाला होता आणि प्रोग्रॅम चढवणारं सॉफ्टवेअर अजून कॉम ३ कडे डोळे लावून बसलं होतं. मेनूतून नंबर बदलला, झालं. इथेही मी आधी “ड्रायव्हर उडाला वाटतं” म्हणाले होतेच. सवय जात नाही.

ती चार्जिंगवाली केबल मी फेकली नाही, पिनेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन खणात ठेवली. काल नवरा नेमकी तीच घेऊन फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घ्यायला बसला. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, “अगं, या फोनचा ड्रायव्हर टाकावा लागेल बहुतेक.”

मी अजून काही बोललेले नाही.